कागद आला नाही म्हणून

शेवटचं बाकडं (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी जामीन राहिले. आमच्या इमारतीत पाणी सोडणाऱ्या मामांचा मुलगा, वय एकोणीस. उभ्या टेम्पोच्या दोन बॅटऱ्या चोरल्याचा आळ. चोरल्या की नाही हे मला माहीत नाही, आणि या धाग्यापुरतं ते महत्त्वाचंही नाही. पोलिस कोठडीचे दोन दिवस संपले, एमसीआर झाला, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि मंगळवारी दुपारी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जामीन मंजूर केला. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. मामांनी व्हरांड्यातच हात जोडले. मला वाटलं, झालं, संध्याकाळी पोरगं घरी.

पोरगं घरी आलं पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी.

बुधवारी मी आधार, पगाराच्या तीन स्लिपा आणि रेशन कार्डाची झेरॉक्स घेऊन गेले. झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल लागतं. का, ते नंतर कळलं. कार्डाच्या मागच्या पानावर शिक्का मारून नोंद करतात की या कार्डावर अमुक केसमध्ये जामीन दिलेला आहे, म्हणजे तेच कार्ड घेऊन माणूस दहा कोर्टांत उभा राहायला नको. गुरुवारी ओरिजिनल नेलं, तर घरपट्टीची पावती माझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या नावाने. मग त्याचं संमतीपत्र. शुक्रवारी साहेब रजेवर. इन्चार्ज कोर्टाने सोमवारी यायला सांगितलं (त्यांचंही खोटं नाही, त्यांचा स्वतःचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, भिंतीवर मावत नव्हता). सोमवारी पगाराच्या स्लिपेची खातरजमा करायला माझ्या ऑफिसला पत्र गेलं. कोर्टाचं पत्र बघून आमच्या एचआरला घाम फुटला. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मला तीनदा विचारलं, "मॅडम, तुमच्यावर तर काही नाही ना?" गुरुवारी सही झाली. सुटकेचा आदेश तुरुंगात पोचला तोवर त्या दिवसाची जामीनपेटी (तुरुंगाच्या दारातली, सुटकेचे आदेश टाकायची पेटी) उघडून झाली होती. म्हणून शुक्रवार.

कुणी एक पैसा मागितला नाही. कुणी उद्धटपणे बोललं नाही. एका बाईंनी तर मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. तरी दहा रात्री गेल्या.

त्या बाकड्यावर बसल्या बसल्या मला ६ मे २०१५ आठवत होता. सप्टेंबर २००२ मधल्या वांद्र्याच्या अपघाताचा खटला. फुटपाथवर झोपलेला एक जण मेला होता, चार जखमी झाले होते. सेशन्स कोर्टाने सलमान खानला सकाळी दोषी धरलं, दुपारी पाच वर्षांची शिक्षा सुनावली, आणि दिवस मावळायच्या आत हायकोर्टाने दोन दिवसांचा अंतरिम जामीन दिला. आधार काय होता? निकालपत्राची पूर्ण प्रत आरोपीला मिळालेली नव्हती. दोन दिवसांनी शिक्षेला स्थगिती मिळाली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.

निर्दोष सुटला त्यावर मला इथे भांडायचं नाही. ज्या निकालाविरुद्ध अपील करायचं तोच हातात नसेल तर माणसाला आत का टाकायचं, हेही पटण्यासारखं आहे. मला फक्त एवढंच दिसतंय की तिथे कागद आला नाही म्हणून माणूस बाहेर राहिला, आणि आमच्याकडे कागद आला नाही म्हणून पोरगं आत राहिलं.

तुमचे अनुभव असतील तर लिहा. 'सगळे विकले गेलेत' छापाचे प्रतिसाद नकोत, ते मी बाकड्यावर दहा दिवस ऐकलेत.

---

काळा डगला

वकील आहे, जिल्हा कोर्टात फौजदारीच करतो. धागा आवडला, कारण पहिल्यांदाच कुणीतरी लाच सोडून दुसरं काही बोललं.

निकालपत्राच्या मुद्द्यावर थोडी भर. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६३ होतं. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला ताबडतोब आणि फुकट द्यायची. हा हक्क प्रत्येकाचा. म्हणजे २०१५ साली जो आधार मिळाला तो काही खास नटासाठी शोधून काढलेला नव्हता. फरक कुठे पडतो सांगतो. माझ्या अशिलाला शिक्षा झाली की पोलिस दंडाला धरून खाली नेतात, आणि मी प्रतीसाठी अर्ज लिहायला बसतो. त्या दिवशी शिक्षा जाहीर होत होती तेव्हा हायकोर्टात सीनियर काउन्सेल कागद घेऊन तयार होते. हक्क दोघांना सारखाच, पण तो तासाभरात वापरायला दुसऱ्या इमारतीत माणूस उभा लागतो.

अटकपूर्व जामीनही तसाच. कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की हा पैसेवाल्यांसाठी आहे. पण आपल्याला अटक होणार हे आधी कळावं लागतं. बॅटरीचोरीच्या संशयितांना ते पोलिस दारात आल्यावर कळतं.

तुमच्या पोराच्या बाबतीत विचारतो, जामीनदाराऐवजी रोख भरण्याचा अर्ज केला होता का?

---

शेवटचं बाकडं

@काळा डगला, आम्हाला मिळालेल्या वकिलांनी तसा पर्याय सांगितलाच नाही. विधी सेवेतून मिळालेले होते, तरुण होते, एका दिवसात पाच कोर्टांत पळत होते. पंधरा हजार मामांनी कुठूनही उभे केले असते, आधीच चार जणांकडे शब्द टाकून ठेवला होता.

---

काळा डगला

बघा. हे वाचून वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं. 'तात्पुरता रोख जामीन घ्या, जामीनदार महिन्याभरात देतो' असा दोन ओळींचा अर्ज असतो. अनेक कोर्टं मान्य करतात. तुमच्या दहातल्या निदान आठ रात्री वाचल्या असत्या.

---

तिरपी रेघ

नेहमीप्रमाणे विरोधी बाकावरून. श्रीमंताला सगळं सोपं हे ऐकायला बरं वाटतं, पण मग ऑक्टोबर २०२१ चं काय? आर्यन खान, ड्रग्जची केस. बाप कोण ते सांगायला नको. त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं, तरी तो ३ तारखेला अटक झाला आणि ३० तारखेला बाहेर आला. मे २०२२ मध्ये एनसीबीने, म्हणजे ज्यांनी धरलं त्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनेच, त्याच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही म्हणून आरोपपत्रात नावच घातलं नाही. तुमच्या पोराच्या दहा रात्री, त्याचा जवळजवळ अख्खा महिना. नाव मोठं असेल तर उलट जास्त चेपतात, कारण बातमी होते.

आणि चांगला वकील लावणं हा गुन्हा आहे का? उद्या माझ्यावर वेळ आली तर मी घर विकून लावीन. तुम्हीही लावाल.

---

शेवटचं बाकडं

@तिरपी रेघ, उदाहरण चोख आहे आणि तो महिना मलाही अन्यायच वाटतो. पण तुम्ही त्याचा शेवट सोडलात, आणि माझ्या धाग्याचा विषय तिथेच आहे. हायकोर्टाने जामीन दिला २८ ला. सविस्तर अटी आल्या २९ ला. एक प्रसिद्ध अभिनेत्री स्वतः कोर्टात येऊन एक लाखाच्या मुचलक्याला जामीन राहिली, आणि त्याच दिवशी सगळे कागद पुरे झाले. तरी आर्थर रोडच्या दारातल्या जामीनपेटीची वेळ टळली आणि एक रात्र वाढली. त्या एका रात्रीवर टीव्हीवाल्यांनी पेटीचं कुलूप, तिची फट, ती उघडायची वेळ, सगळं दाखवलं. देशाला जामीनपेटी म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. आमच्या पोराची एक रात्र नेमकी तशाच पेटीने खाल्ली.

म्हणजे पेटी दोघांनाही सारखी. पेटीपर्यंत पोचायला त्याला एक दिवस लागला, आम्हाला नऊ.

घर विकून वकील लावायचं म्हणालात. विकायला घर आहे म्हणून म्हणालात.

---

तिरपी रेघ

शेवटची ओळ लागली. मान्य.

---

जुनी वही

मी तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, आता निवृत्त. कुठलं कोर्ट ते विचारू नका.

बाहेरच्यांना वाटतं की निकाल साहेब लावतात. लावतात साहेबच, पण केस साहेबांसमोर यायच्या आधी तिचे किती दिवस खर्च होतात ते आमच्या टेबलावर ठरतं. लाच घेऊन ठरतं असं मी म्हणत नाही (घेणारे होते, नाही असं कसं म्हणू). पण न घेताही ठरतं. जामीन अर्ज आला की सरकारी वकिलाचा 'से' मागवायचा. से म्हणजे सरकारचं म्हणणं. सरकारी वकील तपास अधिकाऱ्याकडून मागवणार, तपास अधिकारी बंदोबस्ताला गेलेला असणार. "से आला नाही, तारीख." हे वाक्य मी रोजनाम्यात (केसची रोजची नोंद) किती हजार वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. आता ज्याचा वकील सकाळीच सरकारी वकिलाच्या केबिनमध्ये जाऊन 'साहेब, आमचा तेवढा से आजच द्या' म्हणून चहा पिऊन येतो, त्याचा से दुपारी येतो. त्यात गैर काही नाही. ओळख आहे, बोलणं आहे. ज्याचा वकील पाच कोर्टांत पळतोय त्याला चहाला वेळ नाही.

एल्गार परिषद प्रकरणात तुरुंगात असलेल्या फादर स्टॅन स्वामींचं आठवतं? वय ८३, पार्किन्सन्स, हात थरथरायचा, पेला धरवत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी कोर्टाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने त्यावर म्हणणं द्यायला वीस दिवस मागून घेतले. स्ट्रॉवर से! वीस दिवसांनी म्हणणं काय आलं, तर तो आमच्याकडे नाही. मी ते पेपरात वाचलं तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी लाज वाटली. कारण वीस दिवसांची तारीख कशी पडते ते मला ठाऊक आहे. कुणी दुष्टपणे पाडत नाही, हात सवयीने पाडतो. ५ जुलै २०२१ ला ते कोठडीतच, रुग्णालयात गेले. जामीन अर्ज तेव्हाही सुनावणीत होता.

---

मोकळा वारा

आणि त्याच महिन्यात अर्णब गोस्वामी! ४ नोव्हेंबर २०२० ला अटक, ९ ला हायकोर्टाने अंतरिम जामीन नाकारला, ११ ला सुप्रीम कोर्टाने सोडलं, त्याच रात्री तळोजा तुरुंगाबाहेर. सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पत्र लिहून विचारलं होतं की यांचाच अर्ज लगेच बोर्डावर कसा लागतो, बाकीचे महिनोन् महिने थांबतात. सिद्दीक कप्पन हेही पत्रकारच. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक, बाहेर आले फेब्रुवारी २०२३ मध्ये.

---

उभा दोरा

झालं, आलं राजकारण. कप्पनवर यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा होता, दोन्ही केसेस एका तराजूत कशा घालता? आणि गोस्वामींना ज्यात धरलं ती बंद झालेली केस होती, राज्य सरकारने उकरून काढलेली.

---

संपादक मंडळ

दोन्ही बाजूंचे मिळून अकरा प्रतिसाद उडवले आहेत. पक्षांची भांडणं त्यांच्या नेहमीच्या धाग्यावर न्या.

---

काळा डगला

उडवलेले प्रतिसाद वाचले होते, त्यातला एक मुद्दा कामाचा होता म्हणून पुन्हा मांडतो. कलमं वेगळी हे खरं. यूएपीएमध्ये जामीन मिळणं कायद्यानेच अवघड करून ठेवलंय. गोस्वामींना जामीन मिळाला यात माझ्या मते काही चूक नाही. 'एका दिवसासाठी स्वातंत्र्य हिरावणं हेही एक दिवस जास्तच' अशा अर्थाचं कोर्टाने त्या निमित्ताने म्हटलं, आणि ते सोन्याचं वाक्य आहे. मी स्वतः ते खालच्या कोर्टात चार वेळा वाचून दाखवलंय. एकदा साहेब हसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हे वाक्य खरं आहे. से येऊ द्या."

---

फुलपात्र

दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या भावाला एका गाडीने उडवलं. चालवणारा मोठ्या घरातला. नाव, गाव काही लिहीत नाही.

तुमच्या धाग्यात वेळ लागला म्हणून अन्याय झाला. आमच्यात वेळ लावला. आरोपीचा वकील आजारी. मग वकील बदलला, नव्याला फाइल वाचायला मुदत. मग आरोपी परदेशी, हजेरीतून सूट. मग साक्षीदार आला तर 'आज उलटतपासणी नको'. समोरच्या टपरीवाल्याने अपघात पाहिला होता. तो पहिली तीन वर्षं इमानदारीत येत होता. एका तारखेला त्याचा दिवसाचा धंदा बुडायचा, भत्ता म्हणून जे मिळायचं त्यात त्याची परतीची बस निघायची नाही. नवव्या वर्षी त्याची साक्ष झाली तेव्हा त्याने सांगितलं की नीट आठवत नाही. त्याला कुणी विकत घेतलं असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. मी त्याचा चेहरा पाहिला, त्याला खरंच आठवत नव्हतं. गाडीचा रंग त्याने चुकीचा सांगितला, आणि चुकीचा सांगून आरोपीचा काही फायदाही नव्हता, कारण गाडी कुणाची यावर वादच नव्हता.

आई प्रत्येक तारखेला भावाचा फोटो पर्समध्ये घालून न्यायची. कुणी मागितला तर असावा म्हणून. नऊ वर्षांत कुणी मागितला नाही.

---

शेवटचं बाकडं

फुलपात्र, काय लिहू. धाग्याला मी एकच बाजू दिली होती, तुम्ही दुसरी दिलीत.

२००२ च्या खटल्यातला मुख्य साक्षीदार आठवला. संरक्षणासाठी गाडीत बसलेला पोलिस शिपाई. पहिली तक्रार त्याचीच. पुढे तो तारखांना येईना म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं, त्यालाच तुरुंगात जावं लागलं, नोकरी गेली, आणि २००७ मध्ये तो क्षयाने गेला. निकाल लागला २०१५ मध्ये. हायकोर्टाने निर्दोष सोडताना त्याचा जबाब पूर्ण भरवशाचा नाही म्हटलं. असेलही. पण तोवर त्याला विचारायची सोय उरली नव्हती.

---

खडूचा तुकडा

पुण्यातल्या कल्याणीनगरची पोर्शे कशी कुणी अजून काढली नाही? १९ मे २०२४, रविवार, पहाटे गाडीच्या धडकेत दोन आयटी अभियंते गेले, आणि सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन. अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध. आम्ही शिक्षक लोक गृहपाठ न करणाऱ्याला याहून मोठा निबंध देतो.

---

काळा डगला

निबंधाची चेष्टा सगळ्यांनी केली, मीही केली. पण कायदा सांगतो. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ मध्ये अल्पवयीनाला जामीन हाच नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. लोक खवळल्यावर बाल न्याय मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि जूनमध्ये हायकोर्टाने तेच बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. बरोबरच केलं. माझ्या झोपडपट्टीतल्या बाल अशिलांसाठीही मला तोच नियम हवाय. संतापाच्या भरात आपण तो नियमच मोडायला निघालो तर पहिला फटका कुणाला बसेल?

त्या प्रकरणातली मुख्य गोष्ट निबंध नाहीच. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. पोलिसांचं म्हणणं असं की मुलाच्या रक्ताऐवजी दुसऱ्याचंच रक्त तपासणीला गेलं. त्यात सरकारी रुग्णालयातले डॉक्टर अटक झाले, मुलाचे आईवडीलही. आरोप सिद्ध व्हायचेत. पण जामीन, शिक्षा, अपील हे सगळं नंतरचं. पहिल्या सहा तासांत फाइलमध्ये काय शिरलं आणि काय शिरलं नाही यावर पुढची दहा वर्षं चालतात. अडीच वाजता फोन करून कुणाला उठवता येतं, हा खरा प्रश्न.

---

जुनी वही

यावरून उपहार. जून १९९७, दिल्लीचं थिएटर, ५९ माणसं गेली. त्या खटल्याच्या कोर्टातल्या कागदांची पानं फाटली, काहींवर शाई सांडली. सांडली! एका कर्मचाऱ्याला बडतर्फ केलं. कागदांत फेरफार केल्याबद्दल थिएटरच्या मालक असलेल्या दोन भावांना शिक्षा झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. आणि मूळ खटल्यात २०१५ साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही भावांना मिळून साठ कोटी भरायला लावून तुरुंगातून मोकळं केलं होतं. २०१७ मध्ये धाकट्याला उरलेली शिक्षा भोगायला लावली, थोरल्याला वय पाहून सोडलं.

शाईबद्दल एवढंच सांगतो की रेकॉर्डरूममध्ये तीस वर्षं काम करून माझ्या हातून एकदाही नेमक्या कामाच्या पानावर शाई सांडली नाही.

---

मोकळा वारा

जुनी वही, _/\_

---

पायरीचा दगड

आकडे कुणीच दिले नाहीत म्हणून. एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या तुरुंग अहवालात देशभरात ५,७३,२२० कैदी, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. ७५.८ टक्के. चारातल्या तिघांना अजून कुणी दोषी म्हटलेलंच नाही.

पण या धाग्याला त्याहून जवळचा दुसरा आकडा आहे. जामीन मंजूर होऊनही आतच राहिलेले साधारण पाच हजार कैदी असल्याचं सुप्रीम कोर्टासमोर आलं. कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की महिन्याभरात मुचलका भरता आला नाही तर खालच्या कोर्टाने आपणहून अटी शिथिल करायचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत.

---

काळा डगला

योजना चांगली. जिल्ह्याची समिती बसते, तिच्यापुढे प्रस्ताव जातो, प्रस्तावाला कागद लागतात. धागाकर्तीने शीर्षक बरोबर दिलंय.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ही सांगून ठेवतो, कुणाला उपयोग झाला तर. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सोडायचं. बाकीच्यांना निम्मा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकानेच कोर्टाकडे करायचा, आरोपीने वकील शोधत फिरायचं नाही. इथवर सुंदर. आता पाचर बघा. एकाहून जास्त गुन्ह्यांचा किंवा खटल्यांचा मामला चालू असेल तर या कलमाखाली सुटका नाही. बॅटरीचोरीत पकडलेल्या पोरावर ठाण्यातल्या जुन्या दोन उघड न झालेल्या चोऱ्या चढवल्या की संपलं. माझ्या अशिलांपैकी एकच केस असलेले हाताच्या बोटांवर.

आणि जामीनदाराचा जाच काही आजचा नाही. १९७८ चा मोतीराम खटला आम्हाला कॉलेजात होता. मध्य प्रदेशातला गवंडी. सुप्रीम कोर्टाने जामीन दिला, खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाने जामीन द्यायची तयारी दाखवली तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. आजही 'लोकल जामीनदार आणा' ऐकलं की मला तो गवंडी आठवतो. परराज्यातून कामाला आलेल्या पोराने इथे सातबारावाला माणूस कुठून आणायचा?

---

तिरपी रेघ

मग कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार मिळतात ते याचमुळे का? मी एकदा एका मित्रासाठी गेलो होतो, तर एक गृहस्थ आपणहून येऊन म्हणाले, "कार्ड आहे, पावती आहे, फोटोपण आहेत."

---

जुनी वही

फोटोपण असतात. चार-पाच वेगवेगळ्या नावांची कार्डंही असतात. म्हणून तर धागाकर्तीच्या ऑफिसला पत्र गेलं. खोट्या जामीनदारांना आळा घालायला पडताळणी आली, पडताळणीला दहा दिवस लागतात म्हणून माणूस पुन्हा खोट्याकडे जातो. आणि ज्यांच्या घरात सीए, कंपनी सेक्रेटरी, दोन वकील आहेत त्यांना या दोन्हीशी कर्तव्य नाही, त्यांची फाइल टॅब लावून येते.

---

उभा दोरा

माझा आधीचा प्रतिसाद उडवलात तरी हा ठेवा. गुजरातचं एक प्रकरण. हायकोर्टाने २०२० मध्ये एका कैद्याला जामीन दिला. आदेश ई-मेलने तुरुंगात गेला. तुरुंगाचं म्हणणं, मेल आला पण अटॅचमेंट उघडली नाही. तो माणूस २०२३ पर्यंत आत! कोर्टाने सरकारला एक लाख भरपाई द्यायला लावली. यात कुठला पक्ष आहे सांगा.

---

मोकळा वारा

यावर एकमत. (तारीख लिहून ठेवा.) जुलै २०२१ मध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या तेरा जणांचंही असंच. सुप्रीम कोर्टाने सोडा म्हटलं, तुरुंगवाले म्हणे प्रमाणित प्रत पोस्टाने आली नाही. तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा म्हणाले होते की आपण अजून कबुतरांसाठी आभाळाकडे बघतोय. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये 'फास्टर' ही यंत्रणा आली, आदेश थेट तुरुंगात पोचवणारी.

---

फुलपात्र

अटॅचमेंट तीन वर्षं उघडली नाही म्हणजे तीन वर्षांत त्या माणसाच्या वतीने 'अहो, बघा ना जरा' म्हणून एक फोन करणारं कुणी नव्हतं. मला त्या तुरुंगापेक्षा ते जास्त लागलं.

---

खडूचा तुकडा

धागाकर्ती, ते पोरगं काय करतंय आता?

---

शेवटचं बाकडं

गॅरेजात कामाला जात होतं, ते काम सुटलं. गॅरेजवाल्याने दहा दिवस वाट पाहून दुसरा मुलगा ठेवला. त्याचं तरी काय चुकलं. आता मामांबरोबर पाण्याच्या व्हॉल्व्हवर असतो. परवा पहिली तारीख होती. सकाळी साडेदहाला जाऊन बसला, चारला नावाचा पुकारा झाला, आणि तपास अधिकारी गैरहजर म्हणून पुढची तारीख मिळाली. घरी येऊन मला विचारत होता, "मॅडम, मी आत होतो तेव्हा दहा दिवस तुम्ही रोज तिथेच बसायचात का?" म्हटलं, हो, शेवटच्या बाकड्यावर. म्हणाला, त्याचा एक पाय हलतो.

---

पायरीचा दगड

माझ्या ओळखीत एकाला जामीनदार हवाय, रक्कम फार नाही. मी उभा राहायचं म्हणतोय. नेमकं काय काय न्यायचं ते कुणी सांगेल का?

---

शेवटचं बाकडं

रेशन कार्ड ओरिजिनल, शिक्का मारायला मागचं पान रिकामं असलेलं. आधार ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स. घरपट्टीची चालू वर्षाची पावती. घर दोघांच्या नावावर असेल तर दुसऱ्याला सोबतच न्या, संमतीपत्र लिहीत बसू नका. फोटो चार. पगाराच्या स्लिपा तीन, आणि एचआरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की पत्र येईल, घाबरू नका. वकिलांना पहिल्याच दिवशी तात्पुरत्या रोख जामिनाचं विचारा. साहेब रजेवर नाहीत ना ते सकाळी फोन करून पाहा. आदेश निघाला की तुरुंगाची पेटी किती वाजता उघडते ते विचारून घ्या आणि स्वतः कुणालातरी गाडीवर पाठवा.

डबा न्या. आणि भिंतीकडच्या बाकड्यावर बसा.